बिनतारी वीज पारेषण

विजेचा स्रोत आणि ती वापरणारे उपकरण यांच्यात तार न जोडता ऊर्जा पोहोचवण्याच्या तंत्राला बिनतारी वीज पारेषण म्हणतात. पॅडवर ठेवून चार्ज होणारा मोबाइल, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आणि कर्णबधिरांसाठीचे कॉक्लिअर इम्प्लांट ही त्याची रुळलेली रूपे आहेत. अंतराळात सौरवीज तयार करून ती पृथ्वीवर पाठवण्याची योजनाही याच तंत्रावर आधारलेली आहे, पण ती अजून प्रयोगांच्या पुढे गेलेली नाही.

रेडिओ केंद्रही हवेतून ऊर्जाच पाठवते, तरी त्याला वीज पारेषण म्हणत नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून सूक्ष्मलहरी सोडून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवली. घंटेला लागणारी शक्ती मात्र घंटेजवळच्याच बॅटरीची होती. आलेल्या लहरीने फक्त परिपथ जोडला. संदेशाचे असेच असते. सोडलेल्या शक्तीचा अब्जावा हिस्सा मिळाला तरी भागते, तो जागेवरच्या विजेने वाढवून घेता येतो. वीजच पाठवायची असेल तर वाटेत सांडले ते गेले, आणि त्याचे बिल कोणाला तरी भरावे लागते. म्हणून या विषयातला कोणताही दावा वाचताना किती निघाली आणि किती पोहोचली हे दोन आकडे शोधावेत. बातम्यांत बहुधा एकच दिलेला असतो.

तत्त्व

बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत विद्युतदाब निर्माण करते, हे मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवले. या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावरच रोहित्र चालते. रस्त्याकडेच्या रोहित्रातही दोन वेटोळी एकमेकांना तारेने जोडलेली नसतात. एकातली वीज लोखंडी गाभ्यातल्या चुंबकीय क्षेत्रामार्फत दुसऱ्यात जाते. गाभा काढून वेटोळी दूर नेली की अडचण सुरू होते. वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरेच लांब गेल्यावर त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले तर क्षेत्र एक अष्टमांश उरते आणि पलीकडे मिळणारी शक्ती चौसष्टावा भाग.

पलीकडच्या वेटोळ्याने न घेतलेली ऊर्जा हवेत उडून जाते, असा एक सार्वत्रिक समज आहे. जवळच्या अंतरावर तसे होत नाही. ती ऊर्जा प्रत्येक आवर्तनात क्षेत्रातून पहिल्या वेटोळ्यात परत येते. पण या ये-जा करणाऱ्या धारेने तांबे तापते आणि तोटा होतो तो तिथे. हा तोटा कमी करण्यासाठी दोन्ही वेटोळी धारित्रे (कपॅसिटर) जोडून एकाच वारंवारतेला जुळवतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. सतारीच्या वरच्या तारेवर सूर लागला की त्या सुराला मिळवलेली तरफेची तार न छेडता बोलते आणि बाकीच्या तरफा गप्प राहतात, तसेच हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मारिन सोल्याचिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या पद्धतीने दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवला. वारंवारता सुमारे १० मेगाहर्ट्झ होती आणि कार्यक्षमता सुमारे ४० टक्के. प्रयोग सुंदर होता यात शंका नाही. पण त्यातली वेटोळी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची होती आणि निम्म्याहून अधिक वीज वाटेत गेली होती. दिवाणखान्यात कुठेही ठेवलेला फोन आपोआप चार्ज होईल, असे भाकीत तेव्हा सर्रास केले गेले. ते आजही खरे ठरलेले नाही.

याहून लांब जायचे तर चुंबकीय क्षेत्राचा नाद सोडून सूक्ष्मलहरींचा किंवा लेसरचा झोत वापरावा लागतो. तिथे अडथळा वेगळा आहे: कोणताही झोत पुढे जाताना पसरतो, आणि तो आवळून धरण्यासाठी प्रेषक, म्हणजे झोत सोडणारे साधन, तरंगलांबीच्या मानाने फार मोठा लागतो.

टेस्ला आणि वॉर्डनक्लिफ

निकोला टेस्ला या अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात उच्च वारंवारतेच्या क्षेत्रात हाती धरलेल्या नळ्या तारेशिवाय उजळवून दाखवल्या. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्याने मोठी प्रयोगशाळा उभारली. पृथ्वीलाच वाहक मानून तिच्यात विद्युत कंपने सोडायची आणि जगात कुठेही जमिनीत दांडा रोवून वीज काढून घ्यायची, अशी त्याची कल्पना होती. तिथे त्याने ४० किलोमीटरवरचे २०० दिवे पेटवल्याची कथा अजून छापली जाते. त्याच्या प्रयोगवहीत तिला आधार नाही. पुढे बँकर जे. पी. मॉर्गन याच्या दीड लाख डॉलरवर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये वॉर्डनक्लिफ येथे ५७ मीटर उंचीचा मनोरा १९०१ पासून उभा राहू लागला. त्याच डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पोहोचवला आणि तोही कितीतरी स्वस्त साधनांनी. मॉर्गनने पुढे पैसे दिले नाहीत. १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. भांडवलदारांनी फुकट वीज दडपली ही गोष्ट समाजमाध्यमांवर आजही फिरते. पण त्या मनोऱ्यातून जगभर वीज पोहोचली असती असे मानण्याला भौतिकीत आधार नाही. टेस्लाचे खरे देणे म्हणजे जुळवलेले अनुस्पंदी परिपथ, आणि ते आज अगदी जवळच्या अंतरावर उपयोगी पडत आहेत.

तार हीच अडचण असते तिथे

या तंत्राला यश मिळाले ते जिथे तार नुसती लांब नव्हे तर नकोशी होती तिथे. विजेवरचा टूथब्रश पूर्ण बंद असतो, कारण त्यात पाणी शिरता कामा नये. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत छताखालून माल वाहणाऱ्या गाड्या रुळाकडेच्या तारांतून प्रवर्तनाने वीज घेतात. घासणारा संपर्क ठेवला तर त्याची धूळ चिपवर पडेल.

सर्वांत चपखल उदाहरण कॉक्लिअर इम्प्लांटचे. कानामागे त्वचेखाली शस्त्रक्रियेने बसवलेल्या भागात बॅटरी नसते. बाहेर केसांत अडकवलेली चकती आतल्या चुंबकाला चिकटून राहते आणि काही मिलिमीटर जाडीच्या त्वचेतून वीज आणि ध्वनीची माहिती दोन्ही एकाच वेटोळ्यातून आत पाठवते. आंघोळीला जाताना मूल ती चकती काढून ठेवते तेव्हा आतले यंत्रही बंद पडते आणि त्याच्यापुरते जग निःशब्द होते. त्वचेला कायमचे छिद्र ठेवून तार आत नेली असती तर जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहिला असता. हृदयाला साहाय्य करणाऱ्या पंपांत हीच तार अजून पोटातून बाहेर येते आणि संसर्गाचे मोठे कारण ठरते. २००१ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे बसवलेल्या अॅबिओकोर या कृत्रिम हृदयाला त्वचेतून बिनतारी वीज दिली होती, पण तो मार्ग सर्वसामान्य झाला नाही. हृदयाच्या पंपाला लागणारी शक्ती कानाच्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त असते, हे त्याचे एक कारण आहे.

भारतात या तंत्राचा मोठा पसारा टोलनाक्यांवर आहे, जरी त्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग हा बॅटरी नसलेला टॅग आहे. स्टिकरच्या आत धातूच्या पातळ पत्र्याचा अँटेना आणि मिलिमीटरभर आकाराची चिप एवढेच असते. मार्गिकेवर टांगलेला वाचक (रीडर यंत्र) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. चार-पाच मीटरवरच्या टॅगच्या वाट्याला त्यातला मिलिवॅटचा लहानसा अंश येतो. तेवढ्यावर चिप जागी होते आणि अँटेनाची जोडणी बदलत आलेली लहर कमी-जास्त परावर्तित करून आपला क्रमांक कळवते. स्वतःहून ती काहीच प्रक्षेपित करत नाही. काचेवर धातूचा लेप असेल किंवा टॅग डॅशबोर्डवर नुसता टाकून ठेवलेला असेल तर ही तुटपुंजी शिधाही पोहोचत नाही, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. मेट्रोचे स्पर्शविरहित कार्डही असेच वाचकाकडून वीज घेते, पण १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि चुंबकीय क्षेत्रातून, म्हणून ते यंत्राला जवळजवळ टेकवावे लागते.

मोबाइल आणि वाहने

मोबाइलसाठी 'ची' हे मानक रूढ आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या उद्योगसमूहांच्या संघटनेने ते तयार केले. २०१७ मध्ये अॅपलने ते स्वीकारले आणि प्रतिस्पर्धी मानके मागे पडली. पॅड साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झवर चालतो. फोन ठेवला की तो वीज घेण्याचे प्रमाण किंचित बदलत पॅडशी बोलतो: थोडी वाढव, आता कमी कर, पुरे. धातूची पाठ या क्षेत्राला अडवते, म्हणून असे फोन काचेच्या पाठीचे असतात. फोन थोडा सरकला तरी वेटोळी जुळत नाहीत, चार्जिंग मंदावते आणि फोन तापतो. यावर चुंबकाने फोन नेमक्या जागी धरण्याचा उपाय निघाला व तो २०२३ च्या 'ची-२' मानकात आला. तारेची कटकट टाळायला घेतलेला पॅड शेवटी फोनला चुंबकाने चिकटतो आणि पॅडला तार असतेच.

विजेवरच्या मोटारींसाठी अमेरिकी अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २०२० मध्ये मानक काढले. त्यात ८५ किलोहर्ट्झच्या आसपास ११ किलोवॅटपर्यंत शक्ती जमिनीवरच्या पॅडमधून गाडीच्या तळाला देता येते. त्याहून धाडसी प्रयोग दक्षिण कोरियाच्या कायस्ट या संस्थेचा. गुमी शहरात २०१३ मध्ये तिने चालत्या बसना रस्त्यातून वीज दिली. बसचा तळ रस्त्यापासून १७ सेंटिमीटर वर, शक्ती १०० किलोवॅट, कार्यक्षमता जास्तीत जास्त ८५ टक्के, आणि बस वर आली की तेवढाच पट्टा सुरू होई. अशा रस्त्याचा लहानसा तुकडा २०२३ मध्ये डेट्रॉइटमध्येही झाला. बॅटरी लहान ठेवता येते हा यातला मोठा फायदा. पण दर वर्षी पाइप आणि केबलसाठी खोदल्या जाणाऱ्या आपल्या रस्त्यांत तांब्याची वेटोळी किती दिवस टिकतील, याचा विचार आधी करावा लागेल.

सूक्ष्मलहरी आणि अंतराळातील वीज

विल्यम ब्राउन या अमेरिकी अभियंत्याने सूक्ष्मलहरी थेट एकदिश विजेत बदलणारा अँटेना बनवला आणि १९६४ मध्ये त्यावर एक छोटे हेलिकॉप्टर दोऱ्यांच्या आधाराने हवेत तरंगत ठेवले. १९७५ मध्ये मोहावी वाळवंटातील गोल्डस्टोन येथे १.५४ किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज मिळाली. या प्रयोगाची कार्यक्षमता ८२ टक्के होती असे सगळीकडे लिहिलेले आढळते. तो आकडा अँटेनावर पडलेल्या लहरींपुरता आहे. झोताचा मोठा भाग अँटेनाच्या बाजूने निघून गेला होता.

पीटर ग्लेझर या अमेरिकी अभियंत्याने १९६८ मध्ये सौरवीज उपग्रहाची कल्पना मांडली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने केलेल्या आराखड्यात ५ गिगावॅटसाठी अवकाशात १ किलोमीटर व्यासाचा प्रेषक आणि जमिनीवर १० गुणिले १३ किलोमीटरचा ग्राहक अँटेना होता. हे आकडे कोणाच्या हौसेचे नाहीत. ३६,००० किलोमीटरवरून सुमारे १२ सेंटिमीटर तरंगलांबीचा झोत एवढा पसरणारच. प्रेषक लहान केला तर जमिनीवरचा ठिपका आणखी मोठा होतो. त्यामुळे आधी छोटे केंद्र उभारून पाहू आणि मग वाढवू, ही नेहमीची वाट इथे बंद आहे. झोताच्या मध्यभागी शक्तीची घनता चौरस मीटरला २३० वॅट, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या साधारण पावपट धरली होती. उडते पक्षी भाजून पडतील ही भीती म्हणूनच अतिरंजित आहे. खर्चाची भीती रास्त आहे.

कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरच्या यंत्राने सुमारे फूटभर अंतरावरचे दोन एलईडी पेटवले आणि पुढे पॅसाडिनातील गच्चीवर त्याच्या लहरी टिपल्या गेल्या. हलणारे भाग न वापरता झोत वळवता येतो का, हे त्यात पाहायचे होते. पोहोचलेली शक्ती अत्यल्प होती. लेसरमध्ये तरंगलांबी फार कमी असल्याने प्रेषक लहान चालतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर ३० सेकंद ८०० वॅटहून अधिक वीज पोहोचवली. पण ढग आणि धुके लेसरला अडवतात, आणि झोतात सापडलेल्या डोळ्याला इजा होऊ शकते.

सुरक्षितता

विद्युतचुंबकीय क्षेत्रापासून संरक्षणाच्या मर्यादा आयसीएनआयआरपी ही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्था सुचवते. घरगुती उपकरणांत रोजचा धोका असतो तो धातूचा. पॅड आणि फोन यांच्यामध्ये नाणे किंवा किल्ली राहिली तर इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यात निर्माण होतात तशाच भोवऱ्याकार धारांनी ती तापते. म्हणून पॅड आपण दिलेली आणि फोनने घेतली म्हणून कळवलेली वीज यांचा ताळा घालत राहतो आणि फरक वाढला की बंद पडतो. मोटारींच्या पॅडला आणखी एक काम असते: गाडीखाली मांजर किंवा लहान मुलाचा हात आल्यास ओळखून थांबणे. पेसमेकर बसवलेल्यांनी चार्जिंग पॅड आणि चुंबक असलेले फोन छातीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत, असा सल्ला दिला जातो. शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवण्याची सवय त्यांना मोडावी लागते.