१५५ निबंध आणि एक शून्य : माहिती प्रणालींच्या चिकित्सक संशोधनाची पार्श्वभूमी

वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जॅक बरूदी या संशोधकांनी माहिती प्रणालींवरचे, म्हणजे संस्थांमध्ये वापरल्या जाणाऱ्या संगणकी व्यवस्थांवरचे, १५५ शोधनिबंध घेऊन बसून त्यांची वर्गवारी केली. सगळे १९८३ ते १९८८ या काळातले. ९६.८ टक्के प्रत्यक्षार्थवादी निघाले : गृहीतक मांडा, मोजा, पडताळा. उरलेले ३.२ टक्के, म्हणजे जेमतेम पाच, माणसं त्या प्रणालीचा काय अर्थ लावतात हे शोधणारे. चिकित्सक संशोधन शून्य! संगणक आल्यावर सत्ता कोणाच्या हाती गेली आणि कोणाचं कसब मोडीत निघालं, हे मुळापासून विचारणारं एकही नाही. ही मोजणी १९९१ मध्ये छापून आली.

खरं तर हे प्रश्न नॉर्वेच्या कारखान्यांत वीस वर्षं आधीच विचारले गेले होते. सिम्युला या संगणकभाषेचे एक जनक क्रिस्टन न्यूगार्ड १९७० च्या सुमारास लोहकामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. नुसते अहवाल लिहून कामगारांच्या पदरात काही पडत नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं. मग संघटना स्वतः जी पावलं उचलेल तेच संशोधनाचं फलित मानायचं ठरलं. १९८१ मध्ये स्वीडन-डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या 'युटोपिया' प्रकल्पात छपाई कामगारांसमोर पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं ठेवलं होतं, वर पाटी : 'डेस्कटॉप लेझर प्रिंटर'. यंत्र हाताशी नव्हतं, पण त्या खोक्याभोवती काम करून बघताना कामगार आपल्या उद्याच्या कामाबद्दल बोलू शकत होते. मला या सगळ्या इतिहासात हे खोकं सर्वांत मोलाचं वाटतं.

तत्त्वज्ञानाची बाजू जर्मन विचारवंतांकडून आली. माक्स होर्कहायमर यांनी १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतांतला फरक मांडला. जगाचं नुसतं वर्णन करून थांबायचं नाही, माणसाला बांधून ठेवणारं काय आहे तेही दाखवायचं. पुढे युर्गेन हाबरमास यांनी दडपणाविना होणाऱ्या संवादाचा विचार विस्ताराने मांडला. १९८४ च्या मँचेस्टर परिषदेत काले ल्यूटिनेन आणि हाइन्झ क्लाइन यांनी तोच विचार माहिती प्रणालींच्या सिद्धांताचा पाया म्हणून सुचवला.

पद्धतीची घडी बसायला मात्र फार वेळ गेला. मायकेल मायर्स आणि क्लाइन यांनी चिकित्सक संशोधनासाठी सहा तत्त्वं मांडली ती २०११ मध्ये. संशोधकाने मूल्यांच्या बाबतीत उघड भूमिका घ्यावी, हे त्यांतलं एक, आणि माझ्या मते पाळायला सर्वांत अवघड. क्लाइन २००८ मध्येच गेले होते. तो निबंध छापलेला पाहायला ते नव्हते.