कूपर्स हिल कॉलेज, रग्बी आणि जंगलखातं

इंग्लंडच्या सरे भागात, थेम्स नदीजवळच्या टेकडीवर हे कॉलेज होतं, पूर्ण नाव रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं आणि 1906 ला बंद पडलं. हिंदुस्थानात कालवे, रस्ते, रेल्वे बांधायला इंजिनिअर हवे होते म्हणून काढलेलं, पण 1885 पासून जंगलखात्याचे ऑफिसरही इथंच शिकू लागले, त्याआधी ही पोरं फ्रान्सला नान्सीला जायची. शिकवायला विल्यम श्लिश, मूळचा जर्मन, हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा प्रमुख राहिलेला माणूस.

कॉलेजची रग्बी टीम तगडी होती. इथला स्टीफन फिनी 1872 आणि 1873 ला इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध खेळला, तेव्हा एका बाजूला 20 जण असायचे, आणि पुढं तो हिंदुस्थानात रेल्वेत गेला. इंटरनॅशनल मॅच दोनच. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा रग्बीत पैसा नव्हताच (युनियन रग्बीत, म्हणजे रग्बीच्या याच प्रकारात, तो उघडपणे 1995 ला आला), पोट नोकरीवर, त्यामुळे बोटीत बसला की देशाकडून खेळणं जवळपास संपलंच.

जंगलवाल्याचं तर आणखी अवघड. रेल्वेवाला निदान शहराजवळ असायचा, जंगलवाला महिनोन्महिने तंबूत. त्यात इंग्लंडचा रग्बीचा सीझन हिवाळ्यात आणि इकडं जंगलातला दौऱ्याचा सीझनही नेमका हिवाळ्यातच, म्हणजे तोडायच्या झाडांवर खुणा करा, तोड तपासा, उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढून घ्या, गावकऱ्यांची चराईची भांडणं ऐका, आणि ती भांडणं काही किरकोळ नव्हती, 1878 च्या जंगल कायद्यानंतर लोकांचे हक्क आवळले गेले होते आणि आपल्याकडं महात्मा फुल्यांनी या खात्यावर सडकून टीका केलीय. साहेबाच्या खेळाचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवायला हवं.

खेळायचंच तर मग शहरात. कलकत्त्यात 1872 च्या ख्रिसमसला मॅच झाली, पुढच्या वर्षी क्लब निघाला, पण काही वर्षांतच माणसं कमी पडून तो मोडला आणि शिल्लक चांदीचे रुपये वितळवून कप केला, तोच कलकत्ता कप, इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी भांडतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी आजही चालते.

जंगलाचं शिक्षण 1905 ला ऑक्सफर्डला हललं, श्लिशही तिकडंच गेला.