स्पॅनिश : अमेरिकी विद्यापीठांतील मुख्य विषय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार वर्षांच्या पदवीसाठी स्पॅनिश भाषा, तिचे साहित्य आणि ती बोलणाऱ्या प्रदेशांचा समाज व इतिहास यांचा मेजर म्हणून, म्हणजे मुख्य विषय म्हणून होणारा अभ्यास. विभागाचे नाव विद्यापीठागणिक बदलते. कुठे तो ‘स्पॅनिश व पोर्तुगीज’ असतो, कुठे ‘रोमान्स भाषा’, तर अलीकडे बऱ्याच ठिकाणी ‘हिस्पॅनिक अध्ययन’. इंग्रजीखालोखाल या देशात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा स्पॅनिशच आहे. घरात ती बोलणारे ४ कोटींहून अधिक लोक आहेत. वेळापत्रकात ‘परकीय भाषा’ या रकान्यात असलेला हा विषय विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडले की बसथांब्यावर ऐकू येतो. त्याचे बळ आणि त्यातली बहुतेक भांडणे या एकाच गोष्टीतून निघालेली आहेत.

इतिहास : स्पॅनिश शिकण्यामागचे पहिले कारण शुद्ध व्यवहाराचे होते. टॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये पॅरिसहून आपल्या भाच्याला लिहिलेल्या पत्रात स्पॅनिशकडे विशेष लक्ष देण्याचा सल्ला दिला. स्पेन आणि स्पॅनिश अमेरिकेशी पुढे येणाऱ्या संबंधांत ती उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. आपण स्वतः ही भाषा एकोणीस दिवसांच्या समुद्रप्रवासात, एक व्याकरण आणि सेर्व्हान्तेसची ‘दोन किहोते’ कादंबरी एवढ्यावर शिकलो, असेही ते सांगत. ही हकीकत जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी रोजनिशीत टिपली आणि जेफरसन मोठमोठ्या गोष्टी सांगतात, असा शेराही मारून ठेवला. जेफरसन यांनी स्थापन केलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८२५ मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा आधुनिक भाषांच्या शाखेत स्पॅनिश होतीच.

तिला विद्वत्तेचा मान मिळाला तो हार्वर्डमध्ये. अबिएल स्मिथ या व्यापाऱ्याच्या देणगीतून तिथे फ्रेंच आणि स्पॅनिशचे अध्यासन निर्माण झाले. पहिले प्राध्यापक जॉर्ज टिकनर जर्मनीत गटिंगेनला शिकून, स्पेनमध्ये फिरून १८१९ मध्ये रुजू झाले. १८४९ मध्ये त्यांचा स्पॅनिश वाङ्मयाचा तीन खंडांतला इतिहास प्रसिद्ध झाला. त्यांनी जमवलेला स्पॅनिश ग्रंथसंग्रह आज बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यांच्यानंतर हे अध्यासन कवी लाँगफेलो यांच्याकडे आणि मग जेम्स रसेल लोवेल यांच्याकडे गेले. लोवेल पुढे माद्रिदला अमेरिकेचे राजदूत म्हणूनही गेले. पण या साऱ्या काळात मुख्य विषय ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. ग्रीक-लॅटिन सक्तीचे, आधुनिक भाषा ऐच्छिक, अशी व्यवस्था होती. एका विषयात खोलवर जायचे आणि बाकीचे थोडेथोडे घ्यायचे, ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रुळली. हार्वर्डमध्ये ती १९०९ नंतर अ‍ॅबट लॉरेन्स लोवेल यांच्या अध्यक्षपदाच्या काळात आली.

स्पॅनिशला मोठा धक्का, पुढच्या दिशेने, दिला तो पहिल्या महायुद्धाने. तोवर शाळा-कॉलेजांतली वजनदार परभाषा जर्मन होती. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि जर्मनचे वर्ग ओस पडले, काही राज्यांत तर बंदच झाले. रिकामी झालेली जागा बऱ्याच अंशी स्पॅनिशने भरली. त्याच वर्षी स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि मिडलबरी कॉलेजने उन्हाळी स्पॅनिश शाळा काढली. आठवडेच्या आठवडे फक्त शिकत असलेल्याच भाषेत बोलायचे, अशी लेखी शपथ विद्यार्थ्याकडून घेण्यासाठी मिडलबरी आजही प्रसिद्ध आहे. संघटनेच्या ‘हिस्पानिया’ या नियतकालिकाचे पहिले संपादक ऑरेलियो एस्पिनोसा हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. पण ते स्पेनमधून आलेले नव्हते. कोलोरॅडोत जन्मलेल्या, घरच्या स्पॅनिशमध्ये वाढलेल्या या माणसाने न्यू मेक्सिकोतल्या बोलीवर प्रबंध लिहिला आणि तिथली लोकगीते, लोककथा गोळा केल्या. या विषयाच्या पायाभरणीतच घरची भाषा होती, हे पुढची कित्येक दशके विभाग विसरून गेल्यासारखे वागले.

विभागांचे तोंड होते माद्रिदकडे. स्पॅनिश साहित्याचे अभ्यासक फेदेरिको दे ओनिस १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, आणि १९२९-३० मध्ये कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याच विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. १९३६ च्या यादवी युद्धानंतर तर स्पेनमधला बुद्धिवंतांचा एक अख्खा थरच अटलांटिक ओलांडून आला. कवी पेद्रो सालिनास वेल्झली कॉलेजात आणि नंतर जॉन्स हॉपकिन्सला, कवी होर्खे गियेन वेल्झलीला, इतिहासकार आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनला शिकवू लागले. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने गमावलेले शिक्षक अमेरिकेतल्या विशी-बाविशीतल्या मुलांना मिळाले. मात्र अभ्यासक्रमाचा तोल त्यामुळे आणखीच स्पेनच्या बाजूला झुकला.

लॅटिन अमेरिका अभ्यासक्रमात खऱ्या अर्थाने शिरली ती शीतयुद्धात. सोव्हिएत संघाने सोडलेल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या धसक्याने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि परभाषांना केंद्राचा पैसा मिळू लागला; पुढच्याच वर्षी क्यूबात क्रांती झाली. शेजारच्या खंडाची माहिती असणे ही सरकारची गरज झाली. १९६० च्या दशकात लॅटिन अमेरिकन कादंबरीची लाट उठली आणि वाचायला नुसते उपयोगी नव्हे, तर अप्रतिम असे काही हाती आले. पैसा आणि साहित्य इतके जुळून येणे विरळाच. १९७० च्या महाविद्यालयीन नावनोंदणीच्या गणनेत स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकले, आणि ती आघाडी नंतर कधीच गेली नाही.

अभ्यासक्रम : पदवीसाठी लागणाऱ्या साधारण १२० श्रेयांकांपैकी ३० ते ३६ मुख्य विषयाचे असतात, म्हणजे दहा-बारा पेपर. विषय प्रवेशाच्या वेळी नव्हे, तर बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. कोणत्या वर्गात बसायचे ते प्लेसमेंट परीक्षेवर ठरते. शाळेतून स्पॅनिश घेऊन आलेला विद्यार्थी, विशेषतः एपी ही शाळेतच घेतली जाणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला, पहिले वर्ष-दीड वर्ष ओलांडून थेट वरच्या पायरीवर येतो. प्राथमिक भाषावर्गांचे श्रेयांक अनेक विद्यापीठे मुख्य विषयात धरतच नाहीत.

खरी कसोटी मधल्या टप्प्यावर असते. भूतकाळाची दोन रूपे कुठे कोणते वापरायचे, ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणे’ क्रियापदांतला फरक, संशय-इच्छा-भावना आली की लागणारा सबजंक्टिव्ह (क्रियापदाचे एक वेगळे रूप), हे सारे वर्गात पाठ झालेले असते. मग एकाएकी प्राध्यापक स्पॅनिशमध्येच सॉनेटची चिकित्सा मागतात. उपाहारगृहात जेवण मागवता येते, पण बरोक कवितेबद्दल एक परिच्छेद लिहिता येत नाही, अशी अवस्था. बरेच विद्यार्थी याच पायरीवरून मागे फिरतात आणि मायनरवर, म्हणजे पाच-सहा पेपरांच्या उपविषयावर, समाधान मानतात. पुढे गेलेल्यांना मध्ययुग आणि सुवर्णयुगाचे स्पेन, अठराव्या शतकानंतरचे स्पेन, वसाहतकालीन आणि आधुनिक लॅटिन अमेरिका असे आढावापेपर असतात; सोबत भाषाविज्ञान, चित्रपट, भाषांतर, आणि शेवटच्या वर्षी एक चर्चासत्र किंवा प्रबंध. तिसऱ्या वर्षातले एखादे सत्र सालामांका, ग्रानादा किंवा ब्वेनोस आयरेसला काढण्याची प्रथा इतकी रुजली आहे की काही विभागांत ती अटच आहे.

ध्वनिविज्ञानाचा पेपर वरकरणी रुक्ष, पण मुलांच्या कायम लक्षात राहणारा. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला शब्दारंभीचे ‘प’, ‘क’ हवेचा झोत न सोडता उच्चारायला आणि जीभ दातांना टेकवून ‘त’, ‘द’ म्हणायला महिनोन्‌महिने घोटावे लागते. मराठी घरातून आलेल्याला हे आयतेच मिळालेले असते.

या रचनेवर मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्याच्या अध्यापकांच्या संघटनेने २००७ मधल्या अहवालात नेमके बोट ठेवले. खालचे भाषावर्ग करारावरचे शिक्षक आणि संशोधक विद्यार्थी घेतात, वरचे साहित्यवर्ग कायम प्राध्यापक. दोघांत संवाद जवळजवळ नाही. त्यामुळे विभागाचे दोन मजले होतात आणि जिना कुणाच्याच ताब्यात नसतो. अहवालानंतर अभ्यासक्रम बरेच बदलले, नोकरीतली उतरंड मात्र फारशी हलली नाही.

घरची भाषा, वर्गातली भाषा : ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते अशा विद्यार्थ्यांना अमेरिकेत ‘हेरिटेज स्पीकर’ म्हणतात. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा मोठा भूभाग अमेरिकेकडे आला, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य राज्यांत ही भाषा अमेरिकेच्या झेंड्याआधीपासून आहे. तरीही टेक्सासमधल्या शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, खेळाच्या मैदानात स्पॅनिश बोलल्याबद्दल मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिक्षा होत असे. त्याच काळात विद्यापीठांत तीच भाषा इतरांच्या मुलांना सुसंस्कृतपणाचे लक्षण म्हणून शिकवली जात होती. ही विसंगती या विषयाच्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी बाब आहे, आणि विभागांनी ती फार उशिरा मान्य केली.

हा विद्यार्थी नेहमीच्या वर्गाच्या चौकटीत बसत नाही. सबजंक्टिव्ह त्याच्या कानाला बरोबर लागतो, पण त्याला काय म्हणतात ते ठाऊक नसते. बोलणे ओघवते, लिहिताना मात्र ‘बे’ आणि ‘व्हे’ या अक्षरांची अदलाबदल, मूक ‘आचे’ गाळणे, स्वरांवरची आघातचिन्हे विसरणे हे सर्रास. ट्रकला ‘त्रोका’ आणि गाडी उभी करण्याला ‘पार्केआर’ म्हटले, की जुन्या वळणाचे शिक्षक लाल शाई ओतत. १९७० च्या दशकापासून अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग हळूहळू सुरू झाले. न्यू मेक्सिको, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत आता त्यांची वेगळी मालिकाच असते. आजीची बोली चूक नसून ती भाषेची एक रीत आहे आणि तिच्या जोडीला लिखित प्रमाण रूप शिकायचे आहे, ही भूमिका आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. वर्गात माद्रिदचे उच्चार शिकवायचे की मेक्सिकोचे, ‘तुम्ही’साठी स्पेनमधले ‘व्होसोत्रोस’ पाठ करून घ्यायचे की नाही, यावर वाद मात्र रंगतात. परीक्षेत सहसा दोन्ही चालतात. एका निबंधात मिसळू नका, एवढीच अपेक्षा असते.

नावनोंदणी : २००९ मध्ये अमेरिकी उच्चशिक्षणात स्पॅनिशच्या वर्गांत साडेआठ लाखांहून अधिक नोंदण्या होत्या. २०१६ मध्ये त्या सुमारे ७ लाख १२ हजारांवर आणि २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ८४ हजारांवर आल्या. इतकी घसरण होऊनही इंग्रजीखेरीज इतर सर्व भाषांच्या मिळून नोंदण्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या स्पॅनिशच्या आहेत. त्यातून स्पॅनिश मुख्य विषय घेऊन दरवर्षी पदवी मिळवणारे मात्र काही हजारच. बहुसंख्य विद्यार्थी भाषेची अट पूर्ण केली की निघून जातात. विभाग जगतो तो याच गर्दीवर. ही अट एखाद्या विद्यापीठाने काढली, की वरचे साहित्यवर्गही डळमळू लागतात. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तुटीचे कारण देत जागतिक भाषांचा विभागच मोडीत काढायचे ठरवले. विरोधानंतर स्पॅनिश आणि चिनीचे काही वर्ग राहिले, मुख्य विषय राहिला नाही. परभाषांच्या विभागांत स्पॅनिश सर्वांत सुरक्षित, हा समज त्या घटनेने ढिला केला.

उपयोग : सर्वांत सरळ वाट शाळेत शिकवण्याची आहे. अनेक राज्यांत त्यासाठी तोंडी परीक्षेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड लो’ (प्रगत श्रेणीची खालची पायरी) ही पातळी गाठावी लागते आणि चार वर्षे मन लावून शिकलेलेही काही जण तिथे अडकतात. दुभाषी होणे ही दुसरी वाट. १९७८ च्या न्यायालयीन दुभाषी कायद्यानुसार घेतली जाणारी केंद्रीय प्रमाणपत्र परीक्षा सध्या स्पॅनिश या एकाच भाषेत होते, आणि ती अत्यंत कठीण मानली जाते. घरी भाषा येते म्हणून दुभाषी होता येते, या समजाला तिथे पहिलाच तडाखा बसतो. रुग्णालये, समाजसेवा, पत्रकारिता, स्थलांतरविषयक वकिली या क्षेत्रांत ही पदवी सहसा एकटी जात नाही. जीवशास्त्र, आरोग्यविज्ञान किंवा राज्यशास्त्राच्या जोडीने डबल मेजर करण्याची रीत म्हणूनच लोकप्रिय आहे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतली पुष्कळ मुले शाळेत परभाषा म्हणून स्पॅनिशच घेतात आणि कॉलेजात पोहोचतात तेव्हा त्यांच्याकडे एपीचे श्रेयांक असतात. स्पॅनिश घेतली तर ती बहुधा अशी दुसऱ्या विषयाच्या सोबतीने. भारतात रचना वेगळी आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ इथे स्पॅनिशची ऑनर्स पदवी मुळाक्षरांपासून सुरू होते, कारण शाळेतून ही भाषा शिकून येणारे विरळ. घरातून स्पॅनिश घेऊन येणारा विद्यार्थी जवळजवळ नसतोच, त्यामुळे घरची आणि वर्गातली भाषा हा झगडा इथल्या विभागांना ठाऊक नाही. पुण्या-मुंबईत मात्र स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण दुसरीच पदवी घेत असतात आणि संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्र वर्गांना जातात. त्यांचे लक्ष सेर्व्हान्तेस संस्थेच्या डेले या स्पॅनिश-प्रावीण्याच्या परीक्षेच्या पातळ्यांवर असते, साहित्यावर नाही.