स्वतंत्र अल्पखर्ची चित्रपटनिर्माता

मोठ्या स्टुडिओच्या भांडवलावर अवलंबून न राहता मर्यादित रकमेत चित्रपट तयार करणारा आणि त्याच्या विक्रीतून पुढील चित्रपटाचा पैसा उभा करणारा व्यावसायिक. स्टुडिओला एका चित्रपटात आलेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून भरून काढता येतो. स्वतंत्र निर्मात्याचा मात्र एक चित्रपट अडकला तरी सारा व्यवसाय थांबतो. त्यामुळे चित्रपट किती स्वस्तात झाला यापेक्षा त्यात गुंतलेला पैसा किती लवकर मोकळा झाला, यावर त्याची कारकीर्द ठरते.

अमेरिकेत या व्यवसायाला १९४८ नंतर विशेष वाव मिळाला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर मोठ्या स्टुडिओंविरुद्धच्या खटल्यात दिलेल्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे वेगळी करावी लागली आणि लोकप्रिय चित्रपटाबरोबर दुय्यम चित्रपट चित्रपटगृहांच्या गळ्यात मारण्याची प्रथा बंद पडली. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांना आणि तरुण प्रेक्षक गर्दी करत त्या, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या ड्राइव्ह-इन केंद्रांना स्वस्त चित्रपटांची गरज होतीच.

रॉजर कॉर्मन (१९२६–२०२४) हे या परंपरेतील सर्वांत परिचित नाव. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या कॉर्मन यांनी स्टुडिओत निरोप्या आणि नंतर पटकथा-वाचक म्हणून काम केले व १९५४ मध्ये निर्मिती सुरू केली. चित्रपट वितरकाकडे दिल्यानंतर वसुलीची वाट पाहत बसावे लागते, ही अडचण त्यांनी सुरुवातीलाच ओळखली. म्हणून तयार चित्रपट देताना त्यांनी नव्या वितरण संस्थेकडून आगाऊ रक्कम घेऊन एकाऐवजी तीन चित्रपटांचा करार केला. काटकसरीत तर ते टोकाला गेले: दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला सेट वापरून ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे (१९६०) मुख्य चित्रीकरण त्यांनी दोन दिवसांत उरकले. १९७० मध्ये ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ स्थापून त्यांनी वितरणही हाती घेतले. या संस्थेने इंगमार बर्गमन यांच्यासारख्या गंभीर चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश दिग्दर्शकाचे काम अमेरिकेत दाखवले, हे तिच्या भडक जाहिराती पाहता आश्चर्याचे वाटते. फ्रान्सिस फोर्ड कपोला, मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी आणि जेम्स कॅमेरॉन या पुढे नामवंत झालेल्या दिग्दर्शकांनी उमेदवारीच्या काळात कॉर्मन यांच्याकडे काम केले. नवोदितांना संधी देणे आणि त्यांना अल्प मोबदल्यात राबवून घेणे, या दोन गोष्टी या व्यवसायात वेगळ्या काढता येत नाहीत. वर्णद्वेषावरील ‘द इन्ट्रूडर’ (१९६२) या चित्रपटात कॉर्मन यांनी स्वतःचे व भावाचे पैसे घातले होते. त्याची प्रशंसा झाली, पण प्रदर्शनातून खर्च निघाला नाही.

मोजकी चित्रीकरणस्थळे, थोडे कलाकार आणि पुढे ढकललेले मानधन ही खर्च आवरण्याची नेहमीची साधने आहेत. खरी कसोटी लागते ती करारात. तिकीटविक्रीतून चित्रपटगृहाचा वाटा आणि नंतर वितरकाचे कमिशन व प्रसिद्धीखर्च वजा झाल्यावरच निर्मात्याच्या हाती काही पडते, आणि या वजावटींचा हिशेब बहुधा वितरकच ठेवतो. म्हणून अनुभवी निर्माता वेगवेगळ्या देशांतील हक्क आधीच विकतो, त्या करारांच्या तारणावर कर्ज उचलतो आणि शक्य तेथे हक्क कायमचे न विकता ठरावीक मुदतीसाठी देतो. होम व्हिडिओच्या काळात जुन्या चित्रपटांनाही नवे ग्राहक मिळाले, तेव्हा हे हक्क राखून ठेवणाऱ्यांचा लाभ झाला. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे चित्रीकरण स्वस्त झाले असले, तरी प्रसिद्धीचा खर्च त्या प्रमाणात उतरलेला नाही.