शेतशिवारातील प्रथमोपचार (मराठवाडा)

अपघात झाल्यापासून डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत जवळच्या माणसांनी केलेली तातडीची मदत म्हणजे प्रथमोपचार. मराठवाड्यात हा मधला वेळ मोठा असतो. आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) सडकेपर्यंत काळ्या मातीची पांदण, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, आणि प्रकृती गंभीर असेल तर पुढे छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ (शासकीय रुग्णालय), अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पण पावसाळ्यात ती पांदणीत शिरू शकत नाही. रुग्णाला सडकेपर्यंत गावकऱ्यांनाच आणावे लागते. त्यामुळे काय करावे याइतकेच काय करू नये हेही इथे माहीत असावे लागते.

सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे इथले चार प्रमुख विषारी साप. घोणस चावली तर जागा ठणकते, झपाट्याने सुजते, पुढे हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मण्यार जास्त फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात आणि मोलाचे तास निघून जातात. खाली झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी जड झाल्या, तर सर्पदंशच धरून चालावे.

पान लागल्यावर (साप चावल्यावर) आधी मारुतीच्या देवळात किंवा मांत्रिकाकडे नेण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. मंत्राने बरे झालेले दिसतात ते बहुधा धामण, दिवड अशा बिनविषारी सापांचे दंश, किंवा विषारी सापाने विष न सोडता घेतलेला चावा. कडुलिंबाचा पाला कडू लागतो की गोड, यावरून विष कळत नाही. जखमेला चिरा देणे, विष चोखणे, बर्फ लावणे, दोरी करकचून आवळणे हे सगळे घातक. आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो आणि घोणसीच्या दंशात मांस सडण्याचा धोका वाढतो. कोणी आधीच आवळले असेल तर वाटेत एकदम सोडू नये, ते रुग्णालयात डॉक्टरांसमोर सोडावे.

रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, जोडवी, कडे लगेच काढावे. हातापायाला तुराटी किंवा पट्टी लावून, उपरण्याने सैलसर बांधून तो भाग स्थिर ठेवावा. गाडी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. साप शोधण्यात वेळ घालवू नये. भारतात मिळणारी प्रतिविषलस या चारही सापांच्या विषावर चालते.

विंचूदंश. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय दिसले तर हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो, लहान मुलांत विशेष. यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करताना दाखवले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. घरी फक्त दंशाच्या जागी गार पट्टी ठेवावी आणि निघावे.

फवारणीची विषबाधा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला लाळ, घाम, धाप ही लक्षणे. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्यावाच, डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्यावर ठरतो.

मळणीयंत्र, कोयता. सोयाबीनच्या सुगीत हात किंवा पदर यंत्रात ओढला जातो. ऊसतोडीत कोयत्याचे घाव नेहमीचे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून सतत जोरात दाबावे. हळद, चुना, माती भरू नये. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकल्यास पेशी मरतात.

ऊन लागणे. माणूस बरळू लागला, अंग तापून चटके बसू लागले तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

भाजणे. साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टँकरच्या गावात एवढे पाणी कुठून आणायचे हा खरा प्रश्न आहे. तिथे बादलीत हात बुडवून ठेवला तरी चालते. टूथपेस्ट लावू नये.

विहीर आणि वीज. बुडालेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. मोटारीचा शॉक बसलेल्याला प्रवाह बंद केल्याशिवाय शिवू नये. आभाळातली वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र प्रवाह उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो.

ढिगारा आणि रस्ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींखालून माणसे काढायला पहिल्यांदा धावले ते शेजारीच. मणक्याला मार असल्यास हातपाय ओढून काढू नये. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा दारावर उचलावे. रस्ता अपघातातही हेच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा मदतनिसाला संरक्षण दिले आहे. पोलीस वा रुग्णालय त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाही.