घर उबदार ठेवण्याची साधने (नाशिक)

हिवाळ्यात राहत्या खोलीला ऊब देणारी साधने व त्यांची निवड. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे सुटले की इथले किमान तापमान दहा अंशांखाली येते. जानेवारी १९४५ मध्ये ते ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा बहुधा शहराहूनही खाली असतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून तिकडचे बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात.

साधन निवडण्याआधी या थंडीचा स्वभाव ओळखावा लागतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते, पण दुपारी पारा पुन्हा पंचविशीच्या पुढे जातो. थंडी रात्रीची आहे, आणि कडाका पहाटेचा. काश्मीरमधल्या बुखारी या लाकडाच्या शेगडीसारखी किंवा युरोपातल्या घरांत बॉयलरचे गरम पाणी खोलीखोलीत फिरवतात तशी दिवसरात्र चालणारी व्यवस्था इथे लागत नाही. झोपायच्या एका खोलीला तीन-चार तास ऊब मिळाली की भागते. घरभर पुरेल असा मोठा हीटर घेणे म्हणूनच बहुतेकांना महागात पडते.

जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दिवसा तापत आणि ती ऊब रात्री सावकाश सोडत. आजच्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ, सरकत्या खिडक्यांना फटी, आणि वरच्या मजल्यावर डोक्यावर थेट उघडी स्लॅब. ती रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत राहते, त्यामुळे शेवटच्या मजल्यावरची खोली सर्वांत जास्त गारठते. पहिला खर्च इथे करावा. खिडकीच्या चौकटीला रबरी किंवा ब्रशची पट्टी, दाराखालच्या फटीला गुंडाळलेली चादर, जमिनीपर्यंत पोहोचणारे जाड पडदे. डिसेंबरात दुपारचा सूर्य नाशिकला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. ते येऊ द्यावे आणि सूर्य कलला की पडदे ओढून घ्यावेत. यानंतरही हुडहुडी भरत असेल तरच हीटरचा विचार करावा.

विजेचे साधे हीटर एका युनिटची एका युनिटइतकीच उष्णता देतात, मग किंमत काहीही असो. फरक पडतो तो ऊब पोहोचवण्याच्या पद्धतीत. सळईचा किंवा हॅलोजनचा हीटर समोर बसलेल्या माणसाला लगेच शेक देतो, खोलीला फारसा नाही. अभ्यासाच्या टेबलाजवळ तो ठीक. पंख्याचा हीटर खोली लवकर तापवतो, पण आवाज करतो आणि बंद केला की गारवा परततो. तेल भरलेला रेडिएटर तापायला वेळ घेतो, मात्र त्याचा पत्रा लालबुंद होत नाही आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या घरात तोच घ्यावा. दहा बाय बाराच्या खोलीला १,००० ते १,५०० वॉट पुरतात.

२,००० वॉटचा हीटर रोज चार तास चालला तर महिन्याला २४० युनिट होतात, आणि महावितरणच्या बिलात घर वरच्या टप्प्यात जाते. गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हा प्रकार मागून घ्यावा; दुकानात बहुधा फक्त गार करणारा दाखवतात. हीटर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच लावावा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर वायर तापून प्लग वितळतो.

शेगडीबद्दल मात्र तडजोड नको. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे. पूर्वी कौलांच्या फटींतून धूर आणि वायू निघून जात. स्लॅबच्या बंद खोलीत ती वाट उरलेली नाही. निखारे धुराचे राहिले नाहीत की लोकांना ते निर्धोक वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनही निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. निखाऱ्यांवर शेकायचे ते अंगणात किंवा गच्चीवर. बाळंतिणीच्या खोलीत रेडिएटर बाजेपासून चार-पाच फूट दूर ठेवावा, तो झोपण्याआधी तासभर लावावा, आणि एक खिडकी बोटभर उघडी राहू द्यावी.