मनाईची पाटी आणि इशाऱ्याची पाटी

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी सगळ्यांनी घोकलेलं असतं: ढोबळमानाने गोल पाटी हुकमाची, त्रिकोणी पाटी सावध करणारी. ‘प्रवेश बंद’ गोलात, पुढचं वळण त्रिकोणात. कर्वे रोडवर हा भेद आपल्याला नीट कळतो (पाळतो की नाही, ते सोडा). गडाच्या पायथ्याशी मात्र दोन्हींची खिचडी होते.

गेल्या मे महिन्यात पुण्याजवळच्या एका गडाखाली एक गंजकी पाटी पाहिली: ‘धोका! पुढे जाण्यास सक्त मनाई. गेल्यास स्वतःच्या जबाबदारीवर जावे.’ मनाई आहे तर ‘गेल्यास’ कशाला? आणि जबाबदारी माझी असेल, तर मनाई कसली? वर नेमका धोका काय, तेही कुठे नाही. दरड सुटली आहे, पाणी नाही, की मधमाश्यांचं पोळं आहे? लोक तिच्याशेजारी सेल्फी काढून पुढे जात होते.

मनाईच्या पाटीला कारण नसलं तरी चालतं, मागे माणूस लागतो. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पेठेतली पाटी शब्दांच्या धाकाने चालत नाही. गॅलरीत बनियनवर उभे असलेले काका खरंच खाली येतात, हे गल्लीला ठाऊक असतं. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो (आधी १४४ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३). तोही नाक्यावर पोलीस उभा असेल तेवढाच चालतो.

इशाऱ्याचं वेगळं. तिथे निर्णय तुमचाच, त्यामुळे पाटीने तुमच्या हातात हिशेब द्यावा लागतो. याचा उत्तम नमुना अमेरिकेत, ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनला आहे. आपल्याला सवय गडाची: दमायचं ते चढताना, आणि मागे फिरलं की उतार. कॅन्यन म्हणजे उलटा गड. सकाळच्या गार हवेत, ताज्या पायांनी, आधी उतार. ब्राइट एंजल वाटेने वरच्या कडेपासून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे १,३०० मीटरची उतरण, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगड चढतो त्याच्या दुपटीच्या आसपास. खाली पोचेपर्यंत पारा कडेपेक्षा दहाएक अंशांनी वर, भर उन्हाळ्यात सावलीतही चाळिशीपार. आणि चढ तिथून सुरू. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं उद्यानवाले सांगतात. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकतच नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. उलट नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस आडवा होतो. आपल्याकडे गडावर मीठ-जिरं घातलेलं ताक मिळतं, म्हणून हे कधी डोक्यातही येत नाही.

त्यामुळे तिथली पाटी नुसतं ‘धोका’ म्हणून थांबत नाही. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परतायचा प्रयत्न करू नका, असं ती सांगते. दुसरी म्हणते, उतरणं ऐच्छिक, चढणं सक्तीचं. २००४ साली बोस्टन मॅरेथॉन धावलेली एक तरुणी त्या उन्हात पाण्यावाचून दगावली. त्यानंतर फलकावर प्रश्न आला: तुम्ही बोस्टन मॅरेथॉन धावू शकाल का? ‘आपण दर रविवारी सिंहगड करतो’ म्हणणाऱ्यांना नेमका झोंबेल असा प्रश्न. तरीही न वाचणारे असतातच. १९९७ पासून तिथे रेंजर आणि स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशी उभे राहून विचारतात: कुठपर्यंत जाणार, पाणी किती, खायला काय? हा इशाराच, फक्त बोलता.

त्याच ॲरिझोनात, फिनिक्स शहरात कॅमलबॅक डोंगर आहे. चढ जेमतेम चारशे मीटर, आपल्या हिशेबाने किरकोळ. पण २०२१ च्या उन्हाळ्यात अडकलेल्यांना उतरवता उतरवता अग्निशमन दलाचे जवानच उष्म्याने आजारी पडले, आणि अतिउष्णतेच्या दिवशी दुपारी तिथल्या वाटा बंद करायचं ठरलं. इशारा संपून मनाई सुरू व्हावी ती इथे, असं माझं मत. माझ्या हट्टाची किंमत मीच मोजतोय तोवर हिशेब मला द्या. स्ट्रेचर धरणारा मोजायला लागला की सरळ फाटक लावा, आणि ‘गेल्यास’ हा शब्द पाटीवरून खोडा.

त्या गंजक्या पाटीपासून वीसेक पावलांवर ताक विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या माठाला पुठ्ठा टेकवलेला, त्यावर स्केचपेनने: ‘वर ताक नाही. पाणी पण नाही.’ त्यात त्यांचा धंदाही होता, मान्य. सक्त मनाई हसत ओलांडून आलेली कॉलेजची दोन पोरं या पुठ्ठ्यापाशी थांबली. दोघांत मिळून एक लिटरची बाटली, तीही अर्धी.

“मावशी, टाक्यात पण नाही?”

“टाकं होळीलाच आटलं. शेवाळ खाताय का?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी एकेक ग्लास ताक घेतलं, आणि एक जण बाइकच्या डिकीतली दुसरी बाटली आणायला खाली पळाला.